खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

आमच्या घरात मेंढरं दिवसातून दोनदा मोजली जायची आणि मोजणारी माणसं वेगवेगळी असायची. सकाळी वाडग्याच्या, म्हणजे मेंढरांच्या काटेरी कुंपणाच्या, तोंडाशी तात्या उभे राहत आणि बाहेर पडणारी मेंढरं जोडीजोडीनं मोजत. संध्याकाळी ती आत येताना आई मोजायची. दोघांनी आपापला आकडा मनातच ठेवायचा आणि शेवटचं मेंढरू आत गेल्यावर मगच बोलायचं, असा नियम होता. आधी सांगितला तर दुसऱ्याचे डोळे त्या आकड्याला जाऊन चिकटतात, असं तात्या म्हणत. तात्या माझे थोरले चुलते. वडील मुंबईला गोदामात कामाला, वर्षातून दोनदा घरी येणार. तात्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे घर त्यांनी चालवलं आणि मलाही त्यांनीच वाढवलं. जवळ बसवून त्यांनी मला शिकवलेली विद्या एकच, ती म्हणजे ही दोन वेळची मोजणी. "नुसतं गेली किती ते मोजून काय उपेग रं?" ते म्हणत. "आली किती, ते कोण सांगणार? तुजा बा?"

दहिवडीपासून आत सात किलोमीटरवर आमचं गाव. सकाळी चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं, त्यात गुळाचा खडा. बाहेर मेंढरं उठताना सगळ्या कळपाचा मिळून एक खसफस आवाज व्हायचा. तो आवाज ऐकला की तात्या पितळी तशीच ठेवून उठायचे. आज माझ्या घरी सकाळी मिक्सर आणि मोटारसायकली ऐकू येतात, माडगं वर्षातून दोन-तीनदा होतं आणि मुलं त्याला नाक मुरडतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी फक्त नोंद करतोय.

शिक्षण संपल्यावर सांगलीत नोकरी लागली आणि मी मावशीकडे राहायला गेलो. मावशीचे यजमान हळदीच्या पेठेत तोलाईचं काम करत. त्या घरात उशीच्या अभ्र्यापासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्याला हळदीचा रंग होता. काका दमून आले की मावशी आधी त्यांना अंगणात उभं करून सदरा झटकायला लावायची आणि मग आत घ्यायची, तरी रात्रीच्या भातालाही तो वास यायचाच. महिन्यातून एकदा मी गावी गेलो की आई माझा शर्ट हुंगून विचारायची, "हळद लागली व्हय रं? लगीन उरकून आलास का काय, आमाला न सांगता?" संध्याकाळी काका कागदातून भडंग आणायचे आणि आम्ही तिघं ओट्यावर बसून खायचो. ती वर्षं चांगली गेली. म्हणूनच त्या वर्षांमधला हा एक दिवस मी इतकी वर्षं लिहायचा टाळला.

माझी नोकरी आप्पांकडे होती. आप्पा म्हणजे आमचे मालक. पन्नाशीचे, हौशी, सणवार मनापासून करणारे. आम्ही चौघं नोकर. काम असं होतं की, माणपासून तासगावपर्यंत पसरलेल्या सात तपासणी केंद्रांमध्ये एक्स-रे आणि स्कॅनची मशिनं होती, पण त्यांचे फोटो वाचणारा डॉक्टर तिथं नव्हता. केंद्रातला माणूस ते फोटो इंटरनेटवरून आमच्या सांगलीच्या मशीनवर पाठवायचा. तिथून ते सांगलीतच बसणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर दिसायचे आणि तासाभरात त्यांचा अहवाल केंद्रात परत जायचा. फोटो घेणारा, जपून ठेवणारा आणि पुढे दाखवणारा जो प्रोग्राम, त्याला फाइल सर्व्हर म्हणायचं. त्याची देखभाल माझ्याकडे होती. रोज संध्याकाळी मी सातही केंद्रांना फोन करून "आज किती पाठवले?" विचारायचो आणि डॉक्टरीणबाईंच्या पडद्याची यादी बघून तिथं किती दिसले, ते वहीत त्या आकड्याच्या शेजारी लिहायचो. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं. आप्पा मला मेंढपाळ म्हणायचे. "काय मेंढपाळ, आली का सगळी घरी?" असं विचारूनच ते रोज स्कूटरला किक मारायचे.

त्या पावसाळ्यात मशीनची जुनी डिस्क भरत आली. आप्पांनी नवी आणली. आता येणारे फोटो नव्या डिस्कवर ठेवायचे होते. म्हणजे सर्व्हरला फक्त एवढंच सांगायचं होतं की आता जागा बदलली. ही जागा एका फाइलीत लिहिलेली असते. पण प्रोग्राम बसवून देणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरनं करारात लिहून घेतलं होतं की त्या फाइलीला हात लावलात तर पुढची जबाबदारी माझी नाही. आणि आप्पा कागदावर सही केलेला शब्द मोडणारे नव्हते. मी तीन दिवस प्रोग्रामची माहितीपुस्तिका वाचली आणि मला वाट सापडली. हा सर्व्हर सुरू होताना आधी फाइल वाचतो. पण त्याच गोष्टीसाठी एखादं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवलेलं असेल, म्हणजे प्रोग्राम सुरू करणाऱ्यानं सुरू करतानाच त्याच्या कानात काही सांगितलं असेल, तर तो फाइलीपेक्षा त्या कानात सांगितलेल्याचं ऐकतो. फाइल जशीच्या तशी राहते आणि काम होतं. मी काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली, नव्या डिस्कची जागा सांगितली, तिथूनच सर्व्हर सुरू केला आणि पहिला फोटो नव्या डिस्कवर उतरलेला पाहिला. डॉक्टरीणबाईंचा पडदाही नव्या जागेकडे वळवला. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी भडंग माझ्या पैशानं नेलं.

पण कानात सांगितलेली गोष्ट ऐकणारा जागा असेपर्यंतच टिकते. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, तर सर्व्हर आपोआप उठणार होता आणि तेव्हा त्याच्या कानात सांगायला मी तिथं असणार नव्हतो. तो निमूट फाइल वाचणार आणि जुन्या डिस्ककडे जाणार, बाईंचा पडदा मात्र नव्या डिस्ककडेच बघत राहणार. मला हे माहीत होतं. मशीन उठतानाच ती ओळ आपोआप सांगितली जाईल अशी सोय करता येते, तेही माहीत होतं. पंधरा मिनिटांचं काम. मी वहीत लिहिलं, "कायमची ओळ घालणे बाकी." त्यानंतर कामं येत राहिली. आमच्याकडे इन्व्हर्टर होता, वीज गेली तरी मशीन बंद पडत नव्हतं, त्यामुळे घाई वाटली नाही. त्या नोंदीनंतर मशीन एक्केचाळीस दिवस अखंड चाललं. वही अजून माझ्याकडे आहे. ती ओळ मी खोडलेली नाही.

दसऱ्याला मी गावी जाणार होतो. अष्टमीच्या संध्याकाळी सांगलीहून एसटीनं निघालो. आमच्याकडे खंडेनवमीला कोयते, कुऱ्हाडी, विळे, कातरी, पहारी सगळं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दिवसभर त्यांना काम लावत नाहीत. हत्याराचाही एक दिवस असतो. नवमीच्या दुपारी आईनं मटण शिजत घातलं होतं. तात्या शेरडांसाठी पाला आणायला ओढ्याकाठच्या बाभळीवर चढले. कोयता पूजेत होता. मी म्हणालो, "तात्या, आजच्या दिवस कडबा टाका की." ते म्हणाले, "शेरडास्नी सांग, आज खंडेनवमी हाय म्हून." आणि कोयत्याशिवाय, हातानंच फांदी मोडायला गेले. फांदी मोडली ती त्यांच्या वजनासकट. डावं कानशील दगडावर आपटलं. पण ते उठून बसले, शिवी दिली, चालत घरी आले आणि मटणही खाल्लं. आईनं हळद चेपून फडकं बांधलं. त्या गडबडीत संध्याकाळी मी केंद्रांना फोन केले नाहीत. सण होता, केसेस कमी असणार, असं स्वतःला सांगितलं. नोकरीला लागल्यापासून वहीत मोकळी राहिलेली ती पहिली ओळ.

दसऱ्याच्या सकाळी तात्या उठले नाहीत. मेंढरं उठली, नेहमीची खसफस झाली आणि तात्या पडून राहिले. आईनं हलवलं तेव्हा डोळे उघडले, पण शब्द जड येत होते. शेजारचे फौजीमामा नुकतेच पलटणीतून निवृत्त होऊन आले होते, त्यांनी जीप काढली. दहिवडीच्या डॉक्टरांनी तात्यांना पाहिलं, उजवा हात उचलायला लावला आणि सरळ स्कॅन करायला पाठवलं. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "नुसती सूज असेल तर साताऱ्याला न्या, जवळ आहे. रक्त साठलं असेल तर सरळ सांगली. मेंदूचं ऑपरेशन साताऱ्यात आज सणाला होईल असं मला वाटत नाही. उलट्या बाजूला नेऊन परत फिरायची वेळ आली, तर मग अवघड आहे. रिपोर्ट येईपर्यंत त्यांना बोलतं ठेवा, झोपू देऊ नका."

दहिवडीचं केंद्र आमच्या सातांपैकीच एक. तिथला नितीन माझ्याशी फोनवर रोज बोलणारा, समोरासमोर पहिल्यांदाच भेटत होता. त्यानं नऊ पन्नासला तात्यांच्या डोक्याचे चोवीस फोटो पाठवले. प्रत्येकापुढे बरोबरची खूण आली. "बगा, पोचले," तो म्हणाला. "आता तासात रिपोर्ट. तुमचंच मशीन हाय, तुमाला काय सांगायचं!" मलाही त्या क्षणी अभिमानच वाटला, हे मला लिहिलंच पाहिजे.

तात्यांना केंद्राच्या बाकावर आईच्या खांद्याला टेकवून बसवलं होतं. बोलतं ठेवायचं म्हणून आई त्यांना तिला सुचलेला एकच प्रश्न विचारत होती.

"आवं भावजी, मेंढरं किती?"

"अठ्ठावन्न," तात्या म्हणाले. "इसारलीस व्हय? काल तूच मोजलीस."

दर पाच-दहा मिनिटांनी आई तेच विचारायची. फौजीमामा जीप सुरू ठेवूनच दारात उभे होते. "सदा, सातारा का सांगली, येवढंच सांग," ते मला म्हणाले. "गाडी दोनीकडं जाती." साडेदहा झाले. दहा चाळीस झाले. अहवाल आला नाही. नितीन म्हणाला, "कालपासनं मंद चाललंय. काल दुपारी एका पोराच्या हाताचा फोटो धाडला हुता, त्याचाबी न्हाई आला. बाई सणाला गावाला गेल्या असतील, म्हणून आमी गप बसलो."

"मेंढरं किती, भावजी?"

"अठ्ठावन्न..." तात्या थांबले. "का बावन्न?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ पाहिलं, दहा पंचावन्न. डॉक्टरीणबाईंना मी कधी थेट फोन केला नव्हता, तो केला. त्या पहिल्याच रिंगला बोलल्या. "मी दहापासून बसलेय. आज एकही केस नाही. काल दुपारपासूनच नाहीये. म्हटलं, दसऱ्याला कोण येतंय तपासायला."

बाई जागेवर होत्या. पाठवले चोवीस, पोचल्याच्या खुणा चोवीस, दिसले शून्य. मेंढरं वाटेत हरवली नव्हती. ती आत गेली होती, पण दुसऱ्या वाडग्यात, जुन्या डिस्कवर. आणि काल दुपारपासून. काल काय होतं, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती, तरी मी आप्पांना फोन लावला. पहिल्यांदा वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला, मागे घंटेचा आवाज येत होता.

"बोल रे मेंढपाळा, दसऱ्याच्या शुभेच्छा!"

"आप्पा, काल मशीन बंद केलं होतं का?"

"म्हणजे काय! खंडेनवमी नव्हती का? पुसून घेतलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. एवढं चालतंय बिचारं, म्हटलं घे तासभर विसावा. मग चालू केलं. हिरवा दिवा लागल्याशिवाय मी हललो नाही हो."

हिरवा दिवा बरोबरच होता. सर्व्हर चालू होता, फोटो घेत होता, खुणा पाठवत होता. कुठंच काही बिघडलं नव्हतं. मी आप्पांना सांगितलं, तेव्हा ते अर्धी पूजा सोडून निघाले. बाहेरून आमच्या मशीनमध्ये शिरायची वाट त्याच पुण्याच्या इंजिनिअरनं बंद केलेली होती, सुरक्षिततेसाठी. त्यामुळे कार्यालयात माणूस पोचल्याशिवाय माझ्या हातात काहीच नव्हतं. आप्पांना सतरा मिनिटं लागली. त्या सतरा मिनिटांत मी केंद्राच्या पायरीवर उभा होतो. समोरून लोक झेंडू आणि आपट्याच्या डहाळ्या घेऊन चालले होते. आत आई विचारत होती आणि तात्या उत्तर द्यायला दर वेळी जास्त वेळ घेत होते. फौजीमामांनी एकदा म्हटलं, "अंदाजानं जाऊ का?" मी डॉक्टरांचे शब्द आठवून नको म्हणालो. आजवर आयुष्यात इतक्या ठामपणे मी क्वचितच काही बोललो असेन, आणि इतक्या कमी खात्रीनंही.

अकरा सव्वीसला आप्पांचा फोन आला. "बसलोय समोर. बोल."

"आप्पा, दुरुस्तीला हात लावायचा नाही. आधी फोटो हलवायचे. मी सांगतो तसंच एकेक अक्षर लिहा. आधी सी, मग पी, मग मोकळी जागा."

"सी. पी. मोकळी जागा. पुढे?"

मी जुन्या डिस्कचा पत्ता सांगितला. आप्पा प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत होते. मध्ये खालची रेघ आली, ती त्यांना सापडेना. मी म्हणालो, शून्याच्या शेजारची कळ, शिफ्ट धरून. "आली, आली," ते म्हणाले. नव्या डिस्कचा पत्ता सांगितला. तो त्यांनी मला परत वाचून दाखवला, मी एक अक्षर दुरुस्त केलं.

"आता एन्टर."

"दाबला."

"काय आलं?"

"काहीच नाही. ओळ तशीच आहे. सदाशिव, ही कळ खालीच जात नाहीये. अरे देवा. कुंकू गेलंय खाली. काल मी हातानं वाहिलं ना, तेल लावून..."

आतून आईचा आवाज आला, "भावजी! भावजी, मेंढरं किती?" आणि तात्या म्हणाले, "कसली मेंढरं?"

"आप्पा," मी म्हणालो, "उजव्या कोपऱ्यात आकड्यांच्या शेजारी दुसरा एन्टर आहे. लांबट, उभा."

कळ दाबल्याचा आवाज आला. मग आप्पा म्हणाले, "गेलं." मी त्यांना आणखी एक ओळ लिहायला लावली, नव्या जागेत काय काय आहे ते दाखवणारी. "तात्यांच्या नावाचे किती फोटो आहेत, मोजा." आप्पा मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन. मला आकडा माहीत होता, पण मी तो सांगितला नाही.

"चोवीस," आप्पा म्हणाले.

अकरा एकोणचाळीसला डॉक्टरीणबाईंचा फोन नितीनकडे आला. लेखी अहवाल लिहीत न बसता त्या म्हणाल्या, "डाव्या बाजूला रक्त साठलंय, दाब वाढतोय. सांगलीलाच आणा, आत्ता निघा. सर्जनला मी थांबवून ठेवते." मी दारातून ओरडलो, "मामा, सांगली!" फौजीमामा आधीच गाडीत बसले होते. विटामार्गे आम्ही पोचलो तोवर तात्या बोलत नव्हते, पण श्वास चालू होता. गाडी दवाखान्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा आप्पा तिथं होते. सोवळं नेसलेले, वर शर्ट घातलेला, बोटांना कुंकू.

ऑपरेशन झालं आणि तात्या वाचले. नऊ पन्नास ते अकरा एकोणचाळीस, म्हणजे एकशे नऊ मिनिटं. एरवी अहवाल तासात आला असता, म्हणजे माझ्यामुळे गेली एकोणपन्नास. त्या एकोणपन्नास मिनिटांनी काय फरक पडला, हे मी सर्जनना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले की असं सांगता येत नाही. मी आयुष्यभर आकड्यांचं काम केलं, पण ज्याचं उत्तर मला हवं होतं असं हे एकच गणित, आणि ते सुटत नाही. तात्यांचा हात परत आला, बोलणंही आलं. उजव्या बाजूचं दिसणं मात्र गेलं. दोन्ही डोळ्यांना, उजवीकडचं अर्धं जग. तुमच्या उजव्या हाताला उभा असलेला माणूस त्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही हेही त्यांना कळत नाही.

दवाखान्यात आप्पा मला म्हणाले, "माझ्या हातून झालं रे. मी बंद केलं नसतं तर..." मी गप्प बसलो असतो तर तसंच राहिलं असतं. सगळं कार्यालय, नितीन, मावशी, सगळे पूजेलाच दोष देत होते, काही तर हसतही होते. मी वही आणली, ते पान काढलं आणि आप्पांच्या हातात दिलं. "कायमची ओळ घालणे बाकी." त्यांनी वाचलं, तारीख वाचली, दिवस मोजले. मग वही मिटून परत दिली. "पूजा तर दरवर्षी होणार," ते म्हणाले. "तेव्हा ही ओळ आज घाल." मी त्याच दुपारी घातली. पंधरा मिनिटं धरली होती, बारा लागली.

तात्यांना मी तीन महिन्यांनी सांगितलं. ते घरासमोर उन्हाला बसले होते. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो आणि सगळं सांगितलं, फाइल, कानात सांगितलेली जागा, राहून गेलेली ओळ. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी तू वाडग्याचं तोंड फिरवलंस, आन मेंढरास्नी येकदाच सांगितलंस?"

"व्हय, तात्या."

"येकदा सांगून मेंढरू ऐकत असतंय व्हय? रोज जाऊन हुबं ऱ्हावं लागतंय तितं, वळण पडंस्तवर." मग ते म्हणाले, "माडगं आन जा. गार झालं आसंल." त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. क्षमा केली असंही म्हणाले नाहीत, आणि मीही मागितली नाही.

आता आप्पा थकले आहेत आणि त्यांचं काम मी बघतो. खंडेनवमीला आमच्याकडे अजून मशीनची पूजा होते, ती मी थांबवलेली नाही. फक्त क्रम बदलला. आधी मी स्वतः मशीन बंद करतो, पुन्हा चालू करतो, हात न लावता ते आपलं आपण उठू देतो. मग सातही केंद्रांकडून एकेक फोटो मागवतो. सात गेले आणि सात आले, की मगच हळदकुंकू, तेही कळांपासून वीतभर लांब. नव्या पोरांना यात गंमत वाटते. वाटू दे.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. मेंढरं आता कमी झालीत. तात्या अजून सकाळी वाडग्याच्या तोंडाशी काठी धरून उभे राहतात आणि जोडीजोडीनं मोजतात. उजव्या अंगानं निघालेली मेंढरं त्यांच्या मोजणीत येत नाहीत. माझ्या लक्षात आलं की हल्ली आई सकाळीही मोजते, चुलीपाशी बसून, ओठ न हलवता. संध्याकाळीही तीच मोजते. संध्याकाळी शेवटचं मेंढरू आत गेलं की ती नियम मोडून तात्यांना म्हणते, "तुमी आदी सांगा." ते सांगतात. ती म्हणते, "बरुबर."

त्या संध्याकाळी आईचा गुडघा दुखत होता, म्हणून तिनं मला उभं केलं. मी मोजली, सदतीस. दोनदा मोजली, सदतीसच. तात्या काठीवर हात ठेवून उभे होते, तोंड वाडग्याकडे.

"येकतीस," ते म्हणाले. "तुजी किती रं?"

आई दारातून माझ्याकडे बघत होती.

"एकतीस, तात्या," मी म्हणालो, आणि वाडग्याच्या तोंडाला काटेरी फांदी लावून घेतली.